जॉर्ज जोन्सचे सुरुवातीचे अल्बम: कुठली आवृत्ती घ्यावी आणि त्यात काय ऐकावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकी कंट्री गायक जॉर्ज जोन्सची 1980 च्या आसपासची गाणी ऐकून त्याचा नाद लागला, आता त्याचे अगदी सुरुवातीचे अल्बम हवे आहेत. पण बाजारात ते नाना रूपांत मिळतात: जाड व्हायनल, एका सीडीत दोन अल्बम, दोन सीडींत पाच-सहा अल्बम, शिवाय जर्मनीहून येणारा महागडा बॉक्स सेट. त्यात 'व्हाय बेबी व्हाय' हे एकच गाणं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं ऐकू येतं. मग खरं कोणतं, आणि पैसे कशात घालायचे?

जुन्या रेकॉर्डी डिजिटल करणं आणि त्यांच्या आवाजाची साफसफाई करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि टेक्ससच्या हाँकी-टाँक गाण्यांवर माझा जीव आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं उत्तर ऐकून कदाचित निराशा होईल: या गायकाच्या बाबतीत 1962 पर्यंत अल्बमच्या मागे धावू नका. त्या काळात जोन्सचं खरं काम सिंगल्समध्ये झालं. हाँकी-टाँक ही टेक्ससच्या तेलपट्ट्यातल्या बिअरच्या गुत्त्यांमध्ये आणि नाचघरांमध्ये वाढलेली गाणी. 1933 मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, असे अड्डे रस्तोरस्ती उघडले आणि त्यात ज्यूकबॉक्स आले. ग्लासांचा खणखणाट, पायांचा धपधपाट आणि भांडणं या सगळ्यावर मात करून ऐकू यायला हवं म्हणून वाद्यांना वीज जोडली गेली, स्टील गिटार पुढे आली, ठेका ठसठशीत झाला. या ज्यूकबॉक्सला लागायची ती एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, म्हणजेच सिंगल. गिऱ्हाइकही तीच घ्यायचं. एलपी, म्हणजे अल्बमची मोठी रेकॉर्ड, ही कंपनीची मागाहूनची सोय असायची. सात-आठ सिंगल्स साठले की त्यांच्या दोन्ही बाजू एकत्र करायच्या, वर एक फोटो लावायचा, की झाला अल्बम. जोन्सचा पहिला एलपी 'ग्रँड ओल ऑप्रीज न्यू स्टार' असाच आहे. त्यात चौदा गाणी आहेत, पण तो एका बैठकीचा किंवा एका कल्पनेचा अल्बम नाही. पुढचे कित्येक एलपीही त्याच साठ्यातून गाणी उचलून बांधलेले. म्हणूनच 'सहा क्लासिक अल्बम' असं लिहिलेला संच घेतलात की तेच गाणं दोनदा-तीनदा समोर येतं.

त्यामुळे रेकॉर्डिंगच्या तारखांच्या क्रमाने लावलेला संच शोधा. क्रम महत्त्वाचा अशासाठी, की या सात-आठ वर्षांत एक माणूस दुसऱ्यांच्या गळ्यातून स्वतःच्या गळ्यापर्यंत कसा पोचला, ते टप्प्याटप्प्याने ऐकू येतं. कंट्री संगीताच्या साऱ्या रेकॉर्ड केलेल्या इतिहासात इतका स्वच्छ दिसणारा प्रवास मला दुसरा माहीत नाही.

जोन्स 1931 चा, आग्नेय टेक्ससमधल्या साराटोगाचा. पोरवयात ब्यूमाँटच्या रस्त्यांवर गिटार घेऊन गायचा. तिथल्याच एका रेडिओ स्टेशनवर त्याने कंट्री गायक हँक विल्यम्सला जवळून पाहिलं आणि तो त्याचा देव झाला. 1953 साली मरीन दलातून सुटून घरी आला आणि 1954 च्या सुरुवातीला स्टारडे या कंपनीसाठी गायला. ही कंपनीही ब्यूमाँटचीच. जॅक स्टार्न्स आणि पॅपी डेली यांनी ती काढली होती आणि दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचं नाव ठेवलं होतं. स्टुडिओ म्हणजे स्टार्न्सच्या घरातली खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, आणि बाहेरून ट्रक गेला की टेक पुन्हा घ्यायचा. तिथलं पहिलं सिंगल 'नो मनी इन धिस डील'. ते ऐका. बावीस वर्षांचा मुलगा आहे, आवाज चढा आणि ताणलेला. हँकची ती मध्येच फुटणारी किंकाळी घेतली आहे, आधीच्या पिढीतल्या रॉय एकफ या गायकाचा रडवा स्वरही आहे. पॅपी डेलीने त्याला विचारलं म्हणे, की तू एकफसारखा गाऊन दाखवलंस, हँकसारखा गायलास, लेफ्टी फ्रिझेलसारखाही गायलास, आता जॉर्ज जोन्ससारखं गाता येईल का? किस्सा फार वेळा सांगितला गेलाय, पण रेकॉर्डी त्याची साक्ष देतात.

पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार स्टुडिओत 'व्हाय बेबी व्हाय' झालं. यात दुसरा आवाज सॉनी बर्न्स या गायकाचा असायचा होता, पण तो आलाच नाही. मग स्टुडिओचा मालक बिल क्विन याने जोन्सकडूनच वरचा आवाज गाऊन घेतला आणि पहिल्यावर चढवला. म्हणजे मूळ रेकॉर्डवर दोन्ही आवाज जोन्सचे आहेत. गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. रेड सोव्हाइन आणि वेब पिअर्स यांनी लगोलग तेच गाणं गाऊन पहिला क्रमांक नेला, ही गोष्ट वेगळी.

आता तुमच्या 'तीन तऱ्हां'चा उलगडा इथे होतो. जोन्स 1962 मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेला, 1965 मध्ये म्युझिकॉरकडे. जुन्या कंपनीचे हिट आपल्याही यादीत असावेत म्हणून दोन्ही ठिकाणी त्याच्याकडून जुनी गाणी पुन्हा गाऊन घेतली गेली. स्ट्रीमिंगवरच्या आणि स्वस्त संग्रहांमधल्या बऱ्याच प्रती या नंतरच्या असतात आणि खाली साल मात्र 1955 छापलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. मूळ प्रतीत दोन्ही आवाजांचा पोत एकच असतो, श्वास आणि उच्चार जवळजवळ जुळतात, आणि आवाज उंच, नाकातून येणारा, घाईवर असलेला असतो. नंतरच्या प्रतीत त्याचा गळा खाली आलेला असतो, वाद्यं ऐसपैस पसरलेली असतात, सगळं घोटून सफाईदार झालेलं असतं. नंतरचं गाणं वाईट नाही. पण तुम्हाला सुरुवातीचा जोन्स हवा असेल तर तो तिथे नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे नकली स्टिरिओ. साठच्या दशकात दुकानांना स्टिरिओच हवा असायचा, म्हणून कंपन्यांनी जुन्या मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेल्या, टेपवर प्रक्रिया केली: एका बाजूला खर्ज जास्त, दुसऱ्या बाजूला टीप जास्त, मध्ये किंचित उशीर, वरून थोडा घुमारा. जाकिटावर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड' अशा अर्थाचं काहीतरी बारीक अक्षरात असतं. गायक मधोमध उभा न राहता भिंतीत विरघळल्यासारखा ऐकू येतो. अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबूनही हे पूर्ववत होत नाही, कारण तो उशीर दोन्ही बाजू एकत्र करताना काही स्वर खाऊन टाकतो. स्टारडेच्या काळातलं गाणं 'स्टिरिओ' म्हणून विकायला असेल तर सरळ पुढे जा. याउलट खरी मोनो रेकॉर्ड स्टिरिओ सुईने वाजवत असाल तर मोनो बटण जरूर दाबा, घासण्याचा आवाज लक्षात येईल इतका कमी होतो.

स्वस्त संचांबद्दल बऱ्याच जणांना कोडं पडतं: एवढी गाणी एवढ्या कमी पैशांत कशी देतात, आणि ती नेमकी 1962 ला का थांबतात? कारण कायद्यात आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता. 2013 मध्ये तो 70 वर्षांचा झाला, पण ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांना वाढ मिळाली नाही. म्हणजे 1962 अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली सगळी मुद्रणं तिथे मोकळी झाली आणि त्यानंतरची अडकून राहिली. स्टारडेनंतर जोन्स ज्या मर्क्युरी कंपनीकडे गायला तिचा जुना साठा आज युनिव्हर्सलकडे आहे, पण युरोपातल्या छोट्या कंपनीला त्यांची परवानगी लागत नाही. भारतात ही मुदत 60 वर्षांची आहे. अमेरिकेत मात्र याच रेकॉर्डी अजून कित्येक वर्षं संरक्षित राहणार आहेत.

परवानगी लागत नाही, याचा अर्थ मूळ टेपही हाताशी नसते. मग कुणी चांगल्या स्थितीतली जुनी रेकॉर्ड शोधून मन लावून काम करतं, तर कुणी दुसऱ्याचीच सीडी उतरवून घेतं आणि वर खरखर मारणाऱ्या फिल्टरचा पट्टा फिरवतं. दोन्ही प्रकारचा माल एकाच किमतीला मिळतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा कानावर भरवसा ठेवा. मी तीन जागा ऐकतो.

पहिली जागा गाण्याचा शेवट. शेवटचा सूर विरत जातो तेव्हा त्याच्याबरोबर टेपची हलकी सूं-सूं शेवटपर्यंत यायला हवी. सूर संपायच्या आतच सगळं एकदम काळंभोर शांत झालं, तर फिल्टरने सुराची शेपटीही कापली आहे. दुसरी जागा फिडल. गज तारेवर पहिल्यांदा टेकतो तेव्हा किंचित खरखरीत धार येते. ती नसेल आणि फिडल मेणासारखं गुळगुळीत लागत असेल तर प्रत नाकारा. तिसरी जागा 'व्हाइट लाइटनिंग'मधला बास.

या गाण्यावर थोडं थांबतो, कारण कुठल्याही आवृत्तीची परीक्षा घ्यायला याच्याइतकं चांगलं गाणं नाही. 1959 सालचं हे, जोन्सचं पहिलं क्रमांक एकचं गाणं. लिहिलं जे. पी. रिचर्डसनने, ज्याला लोक 'बिग बॉपर' म्हणून ओळखत. 3 फेब्रुवारी 1959 च्या ज्या विमान अपघातात रॉक गायक बडी हॉली गेला त्यातच तोही गेला. आपलं गाणं वर चढलेलं त्याला पाहायला मिळालं नाही. मुद्रण नॅशव्हिलला ब्रॅडली स्टुडिओत झालं. जोन्स प्यायलेला होता, टेकवर टेक वाया जात होते, ते इतके की उभा बास वाजवणाऱ्या बडी किलनच्या बोटांना फोड आले. शेवटी जो टेक बाजारात आला त्यातही जोन्सची जीभ एका शब्दावर अडखळते, आणि ती अडखळ तशीच ठेवली गेली. पियानोवर हार्गस 'पिग' रॉबिन्स आहे. दृष्टिहीन असलेला हा वादक पुढे नॅशव्हिलचा सगळ्यात मागणी असलेला पियानिस्ट झाला, आणि त्याचं नाव झालं ते याच गाण्यापासून. आता ऐका: बासची तार ओढून सोडली की ती लाकडी पट्टीवर आपटते, तो 'टक्' आणि पाठोपाठ येणारा गोल सूर हे दोन्ही वेगवेगळे कळायला हवेत. चांगल्या प्रतीत ते कळतात. जास्त धुतलेल्या प्रतीत नुसतं 'भद्द' ऐकू येतं आणि सगळं गाणं पाय जड झाल्यासारखं चालतं.

गती हाही मुद्दा आहे. रेकॉर्डवरून उतरवताना फिरण्याचा वेग जरा चुकला तर गळाच बदलतो. गिटार नीट जुळवून गाण्याबरोबर लावून पाहा. एखादं गाणं दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. पक्का पुरावा नव्हे, त्या काळी बँडही कधी कधी चढे-उतरे जुळवत. पण एकाच संचातली सगळी गाणी सारखीच चढी निघाली, तर दोष उतरवणाऱ्याचा.

जाड व्हायनलबद्दल एवढंच म्हणेन, की 180 ग्रॅम हे वजन आहे. मूळ आवाज कुठून घेतला हे त्यावरून कळत नाही. जाकिटावर टेपचा उल्लेख नसेल तर त्याच डिजिटल फाइलवरून कापलेली रेकॉर्ड असण्याची शक्यता मोठी, आणि मग सीडीपेक्षा तिप्पट पैसे का द्यायचे?

माझी शिफारस दोन संचांची आहे. खिसा परवानगी देत असेल तर जर्मनीच्या बेअर फॅमिलीने 2017 मध्ये काढलेला सहा सीडींचा 'बर्थ ऑफ अ लेजंड' घ्या. 1954 ते 1961 पर्यंतचं स्टारडे आणि मर्क्युरीचं सगळं काम त्यात आहे. या कंपनीचा लौकिकच मुळाशी जाऊन टेप शोधण्याचा आणि सोबत भरभक्कम पुस्तक देण्याचा. 'थंपर जोन्स' या टोपणनावाने 1956 मध्ये गायलेली रॉकाबिली, म्हणजे रॉक आणि कंट्रीचं मिश्रण असलेली गाणीही असल्या संपूर्ण संचातच धड मिळतात. एल्व्हिसचं वारं सुटलं होतं, कंपनीला रॉक हवं होतं. जोन्सला स्वतःला ही गाणी पुढे मुळीच आवडत नसत. मला ती आवडतात, बेभान आहेत. मध्यम खर्चात भागवायचं असेल तर मर्क्युरीनेच 1994 मध्ये काढलेला दोन सीडींचा 'कप ऑफ लोनलीनेस' जुन्या बाजारात शोधा. पन्नासएक गाणी आहेत, आणि मर्क्युरीच्या आधी स्टारडेकडे झालेल्या गाण्यांनाही त्यात जागा दिली आहे.

संच हाती आला की सुरुवातीपासून सलग ऐकू नका, दमछाक होईल. चार थांबे घ्या. 'व्हाय बेबी व्हाय' झाल्यावर 1956 मधलं 'जस्ट वन मोर' लावा. दारूवरचं संथ गाणं, त्याने स्वतः लिहिलेलं. इथे तो पहिल्यांदा घाई सोडतो. मग 1958 मधलं 'कलर ऑफ द ब्लूज'. लेफ्टी फ्रिझेलकडून उचललेली एक युक्ती इथे पिकलेली दिसते. शब्दातलं एकच अक्षर ताणून ते तीन-चार सुरांवरून वळवायचं, आपल्या भाषेत म्हणायचं तर शब्दाच्या पोटात मींड घ्यायची. फ्रिझेल ते लाडिकपणे करतो, जोन्सच्या तोंडी त्यात कळ येते.

आणि मग 1960 मधलं 'द विंडो अप अबव्ह'. तेही त्याचंच. वरच्या खिडकीतून एक नवरा खाली पाहतोय आणि बायको दुसऱ्या कुणाबरोबर आहे, एवढीच गोष्ट. सहा वर्षांपूर्वीचा तो किंचाळणारा मुलगा इथे आवाज चढवतच नाही. दात जवळजवळ मिटलेले, ओळ खालून सुरू होते, आणि जिथे दुसरा गायक ओरडला असता तिथे हा आवाज आत ओढून घेतो. हँकची किंकाळी गेली, एकफचं रडणं गेलं, लेफ्टीचं वळण उरलं पण आता ते ओळखू येत नाही. हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि महिनोन्‌महिने यादीत राहिलं. 1980 च्या ज्या जोन्सने तुम्हाला धरलं, तो जन्मला तो इथे. पुढच्याच वर्षीच्या 'टेंडर इयर्स'मध्ये मागे कोरस येतो, नॅशव्हिलची मऊ गादी येते, आणि हाँकी-टाँकचा धुरळा खाली बसायला लागतो. गाणं पहिल्या क्रमांकावर सात आठवडे होतं. मला त्यातला आवाज फार आवडतो, गादी तितकी नाही.

1962 पासूनचं युनायटेड आर्टिस्ट्सचं पर्व स्वतंत्र आहे. 'शी थिंक्स आय स्टिल केअर' तिथलं पहिलं मोठं यश. त्याचाही बेअर फॅमिलीचा वेगळा संच आहे. पण तो दुसऱ्या टप्प्यात घ्या.

एवढं सगळं सांगूनही एखादा सुरुवातीचा अल्बम अल्बम म्हणूनच हातात हवा असेल, तर मर्क्युरीचा 1960 मधला 'जॉर्ज जोन्स सल्यूट्स हँक विल्यम्स' घ्या. एका कल्पनेभोवती बांधलेला आहे, सिंगल्सची मोळी नाही. फक्त नावाकडे नीट लक्ष द्या. 1962 मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सनेही त्याच्याकडून हँकच्या गाण्यांचा 'माय फेव्हरिट्स ऑफ हँक विल्यम्स' करून घेतला, आणि पुनर्मुद्रणांच्या बाजारात दोघांची सर्रास अदलाबदल होते. शक्य झालं तर दोन्ही ऐका. 1960 मध्ये तो हँकच्या गाण्यांवर प्रेमाने झडप घालतो, लय पुढे रेटतो, देवासमोर उभ्या असलेल्या भक्तासारखा अधीर आहे. 1962 मध्ये हँकची गाणी तो स्वतःची असल्यासारखी सावकाश गातो. मला विचाराल तर पहिला, कारण त्यात हँक आणि जोन्स दोघेही ऐकू येतात.